परतीचं तास वाकडं का दिसलं? 'व्हर्सर' या संज्ञेचा एक प्रकरण अभ्यास

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातल्या एका गावात बी.एस्सी.ला शिकणाऱ्या एका मुलाने ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रावर जुना मोबाइल बसवला आणि प्रत्येक तासाची, म्हणजे पेरणीच्या ओळीची, दिशा नोंदवायला सुरुवात केली. उत्तरेकडे जाणारं तास स्क्रीनवर सरळ उमटायचं. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या कडेला, वळून ट्रॅक्टर दक्षिणेकडे निघाला की रेघ नागमोडी व्हायची, आणि मधूनच ट्रॅक्टर उलट्या तोंडाने चालल्यासारखी दिसायची. वावरात उभं राहून पाहिलं तर जातीचं आणि येतीचं तास सारखंच सरळ पडलेलं होतं.

दोष शेवटी सापडला. तो लोखंडात नव्हता, विजेच्या तारांत नव्हता, मोबाइलमध्येही नव्हता. तो सापडला विल्यम रोवन हॅमिल्टन या आयरिश गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात दिशा वळवण्याच्या गणितासाठी घडवलेल्या 'व्हर्सर' या शब्दाचा अर्थ नीट लागल्यावर. गणितातल्या संज्ञांची व्युत्पत्ती ही वर्गात वेळ उरला तर सांगायची गंमत आहे, असं अनेक शिक्षक मानतात. मी तालुक्याच्या ठिकाणी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो आणि मला ते मुळीच पटत नाही. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवण्याचं कारणही तेच आहे.

गरज काय होती

मुलगा माझा जुना विद्यार्थी. त्याचे काका भाड्याने पेरणी करून देतात. जमीन काळी, भारी. पिकं कपाशी, तूर आणि सोयाबीन. सोयाबीनच्या दोन तासांत साधारण दीड फुटाचं अंतर. पेरणीच्या वेळी तास वाकडं गेलं तर त्याचा त्रास पुढे डवरणीत, म्हणजे ओळींमधल्या कोळपणीत, निघतो: डवऱ्याची पास (लोखंडी पातं) झाडाच्या मुळाशी लागते आणि उभं रोप आडवं होतं. त्यामुळे ज्याचं वावर आहे तो पेरणी झाल्यावर धुऱ्यावर बसून तासाच्या रेषेत नजर लावून पाहतो, आणि वाकडं दिसलं की भाड्याचे पैसे देताना कुरकुर करतो. काकांनी त्या वर्षी नवा ड्रायव्हर ठेवला होता. तो नेमका कुठे चुकतो ते त्याला दाखवता यावं, एवढीच पुतण्याची इच्छा.

मोबाइलमधलं जीपीएस या कामाला पुरत नाही. साध्या मोबाइलवर जागेचा अंदाज काही मीटरनी इकडेतिकडे होतो, आणि इथे प्रश्न विताचा होता. म्हणून मुलाने जागा सोडून दिशा पकडली. मोबाइलमध्ये चुंबकीय क्षेत्र मोजणारा, त्वरण मोजणारा आणि फिरण्याचा वेग मोजणारा असे तीन संवेदक असतात. तिन्हींचा हिशेब एकत्र करून यंत्रणा सांगते की मोबाइल या क्षणी मूळ स्थितीपासून किती आणि कोणत्या अक्षाभोवती फिरलेला आहे. मृगाच्या आधी, वखरून ठेवलेल्या कोरड्या वावरात चाचणी घ्यायचं ठरलं.

काकांच्या वावराचा उतार पूर्वेकडे आहे. पावसाचं पाणी तासातासाला अडावं म्हणून पेरणी उताराला आडवी करतात, म्हणजे या वावरात तासं उत्तर-दक्षिण. शेजारच्या वावराचा उतार दक्षिणेला, तिथे तासं पूर्व-पश्चिम. ही माहिती सुरुवातीला कोणालाच महत्त्वाची वाटली नाही.

आधी काय काय संशय आले

"सर, वरतं जातानी बरोबर दाखवते," मुलाने फोनवर सांगितलं, "अन् वापस येतानी रेघ सापावानी चालते. ड्रायव्हर म्हणते, मी तं सरळच आणलं. अन् आणलं बी त्यानं सरळच, म्या सोता पायलं."

काकांचा संशय डोक्यावरून गेलेल्या विजेच्या तारांवर होता. "तारांचा करंट असन जी तो. तिथं पोलच आहे ना." संशय वाजवी होता, वाहत्या विजेभोवती चुंबकीय क्षेत्र असतंच. पण भारनियमनात लाइन बंद असताना ट्रॅक्टर चालवून पाहिला तरी रेघ तशीच. मग संशय लोखंडावर गेला. पेरणीयंत्राची चौकट लोखंडी, फण लोखंडी. मोबाइल लाकडी फळीवर उंच बांधला. एकूण दिशेत थोडा फरक पडला, पण परतीच्या तासाचा नागमोडीपणा गेला नाही.

दोन्ही चाचण्या मुलाने माझ्याकडे येण्याआधीच केल्या होत्या, आणि त्याचं मला कौतुक वाटतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही शिस्त अनेक पदवीधरांतही नसते.

खरा धागा हाती लागला तो शेजारच्या वावरात. तिथे पूर्वेकडे जाणारं तासही सरळ उमटलं आणि पश्चिमेकडे जाणारंही. तोच ट्रॅक्टर, तेच यंत्र, तोच मोबाइल, तोच ड्रायव्हर. बदलली होती फक्त दिशा. लोखंडामुळे किंवा तारांमुळे बिघाड होत असता तर तो नेमका दक्षिण दिशा निवडून आला नसता. मग मोबाइल अंगणातल्या लाकडी पाटावर ठेवला, आसपासचं सगळं लोखंड दूर केलं आणि पाट हाताने हळूहळू फिरवला. उत्तर, पूर्व, पश्चिम ठीक. दक्षिणेला पाट जरासा हलवला की आकडे एका टोकावरून दुसऱ्या टोकाला उडी मारत. आता प्रश्न वावराचा राहिला नाही, गणिताचा झाला.

चार आकडे

या प्रोग्रॅमला मोबाइल फिरण्याची माहिती कोनात देत नव्हता, चार आकड्यांत देत होता. फिरण्याचा कोन थ असेल तर एक आकडा थ/2 चा कोसाइन असतो. उरलेले तीन म्हणजे ज्या अक्षाभोवती फिरलो त्याची दिशा, थ/2 च्या साइनने गुणलेली. मोबाइल सपाट ठेवलेला असल्याने अक्ष उभा, म्हणून त्या तिनांपैकी एकच आकडा कामाचा उरतो. बाकीचे दोन शून्याजवळ. उत्तर ही सुरुवात धरली तर उत्तरेला कोसाइन 1 आणि साइन 0. पूर्वेला किंवा पश्चिमेला कोसाइन 0.707 आणि साइन त्याच मापाचा, एकीकडे धन, दुसरीकडे ऋण. दक्षिणेला कोसाइन 0 आणि साइन 1.

पण दक्षिणेला दोन वाटांनी पोचता येतं, उजवीकडून किंवा डावीकडून. एका वाटेने साइन 1 येतो, दुसऱ्या वाटेने उणे 1. पुष्कळ यंत्रणा कोसाइनचा आकडा कायम धन ठेवण्याचा नियम पाळतात, आणि या मोबाइलमध्येही तेच होत होतं. त्यामुळे दिशा 180 अंशांच्या जरा अलीकडे असताना साइन जवळपास 1 असे, आणि जरा पलीकडे गेली की जवळपास उणे 1.

मुलाने प्रोग्रॅममध्ये लागोपाठच्या दहा नोंदींची सरासरी घेतली होती. ढेकळांवरून जाणारा ट्रॅक्टर हादरतो, म्हणून सरासरी घेणं योग्यच. आता दक्षिणेकडे जाताना तोंड दहा-दहा अंशांनी इकडेतिकडे होतंय असं धरा, म्हणजे कधी 170, कधी 190. पहिल्या स्थितीत नोंद येते 0.087 आणि 0.996. दुसऱ्या स्थितीत 0.087 आणि उणे 0.996. पाच नोंदी अशा आणि पाच तशा असतील तर सरासरीत साइन कटून शून्य होतो आणि कोसाइन 0.087 उरतो. सगळ्याची लांबी (चारही आकड्यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ) पुन्हा 1 केली की उत्तर येतं 1 आणि 0, म्हणजे सरळ उत्तर दिशा! ट्रॅक्टर दक्षिणेकडे चाललाय आणि प्रोग्रॅम सांगतो उत्तरेकडे. सहा अशा आणि चार तशा असतील तर उत्तर येतं सुमारे 133 अंश. नोंदींचं वाटप दर क्षणी बदलतं, म्हणून रेघ डोलत राहते. उत्तरेला हेच दहा अंश इकडेतिकडे झाले तर कोसाइन दोन्हीकडे 0.996 आणि साइन 0.087 किंवा उणे 0.087, सरासरी बिनचूक. पूर्व-पश्चिमेलाही काही बिघडत नाही. शेजारचं वावर का सुटलं, ते इथे कळलं.

पण सरासरी चुकली का?

हिशेब दिसला तरी मुलाचं समाधान झालं नाही, आणि ते बरंच झालं. त्याचा प्रश्न असा: "170 अन् 190 तं शेजारचेच कोन आहे न सर. मंग त्याचे आकडे एकदम उलटे काऊन येते? अन् कोन अर्धा काऊन घेते?"

या आकड्यांना इंग्रजीत क्वाटर्निअन म्हणतात आणि लांबी 1 असलेल्या क्वाटर्निअनला व्हर्सर, असं त्याने एका टिपणात वाचलं होतं. 'व्हर्सर' म्हणजे फिरणं, रोटेशन, असा अर्थ त्याने लावून घेतला होता. बहुतेक जण तोच लावतात. नेमकी तिथेच गाठ बसलेली होती.

हॅमिल्टन डब्लिनचा. 16 ऑक्टोबर 1843 रोजी रॉयल कॅनॉलच्या काठाने पत्नीबरोबर चालत रॉयल आयरिश अकादमीच्या बैठकीला जाताना त्याला क्वाटर्निअनांचा नियम सुचला, आणि तो त्याने ब्रूम पुलाच्या दगडावर चाकूने कोरला. पुढची बावीस वर्षं, 1865 मध्ये मृत्यू येईपर्यंत, तो याच विषयात राहिला. नव्या वस्तूंना नावं हवी होती, आणि नावं ठेवण्यात हा माणूस फार काटेकोर होता. लहानपणी काकांकडे राहून तो पुष्कळ भाषा शिकला होता, त्यात लॅटिन-ग्रीक तर होत्याच, संस्कृतही होती.

लॅटिनमध्ये 'वेर्तेरे' म्हणजे वळवणं, फिरवणं. त्याचं कर्मणी धातुसाधित 'वेर्सुस', वळवलेलं. या धातूला '-तोर' हा कर्तृवाचक प्रत्यय लावला की 'वेर्सोर' होतो. धातूच्या शेवटचा त आणि प्रत्ययाचा त एकमेकांत मिसळून तिथे स येतो. अर्थ: फिरवणारा. फिरणं नव्हे, फिरवणारा. क्रियेचं नाव नव्हे, कर्त्याचं. हॅमिल्टनच्या मांडणीत कुठलाही क्वाटर्निअन म्हणजे दोन कामगारांची जोडी: एक 'टेन्सर', ताणणारा, जो लांबी कमी-जास्त करतो, दुसरा 'व्हर्सर', जो लांबीला हात न लावता दिशा वळवतो. (आज भौतिकशास्त्रात टेन्सर म्हणतात ती वस्तू वेगळी, ते नाव पुढे दुसरीकडे गेलं.) 'व्हेक्टर' हाही त्याच कुळातला, 'वेहेरे' म्हणजे वाहून नेणं, त्याचा कर्ता, वाहक. खगोलशास्त्रात हा शब्द आधीपासून होता, हॅमिल्टनने त्याला आजचं काम दिलं. 'स्केलर' मात्र कर्ता नाही. तो 'स्काला' म्हणजे शिडी, त्यावरून आला.

मराठी माणसाला हे सगळं परकं वाटायचं कारणच नाही. लॅटिनचा 'वेर्तेरे' आणि आपला संस्कृत 'वृत्' हे एकाच मुळाचे धातू आहेत. वृत्त, वर्तुळ, आवर्तन, परिवर्तन हे शब्द त्याच 'वृत्'चे. 'वेहेरे'चं भावंड 'वह्', ज्यातून वाहन आणि वाहक. 'टेन्सर'च्या मुळाशी असलेल्या धातूचं भावंड 'तन्', ज्यातून तंतू आणि ताण. आणि '-तोर' या प्रत्ययाचं भावंड आपला 'तृ': दाता, नेता, वक्ता, श्रोता. रोटेशनमधला 'रोता', म्हणजे चाक, आणि आपला रथ यांचंही नातं आहे. मी वर्गात व्हेक्टर शिकवतो तेव्हा 'सदिश' एवढं सांगून पुढे जात नाही, 'वह्' सांगतो. मुलांच्या चेहऱ्यावर लगेच फरक दिसतो.

तीच मुळं आणखीही कुठे कुठे पोचली आहेत. इंग्लंडमधल्या विल्यम गिल्बर्टने 1600 साली चुंबकावरच्या आपल्या ग्रंथात एका टोकदार खुंटीवर तोललेल्या हलक्या सुईचं उपकरण वर्णिलं. घासलेला अंबर जवळ आणला की सुई त्याच्याकडे वळायची. त्या उपकरणाला त्याने नाव दिलं 'व्हर्सोरियम', फिरण्याचं साधन. शाळेच्या भूमितीतला शिरोबिंदूचा 'व्हर्टेक्स' त्याच धातूचा, पाण्याचा भोवरा 'व्हॉर्टेक्स' त्याच धातूचा. आणि या प्रकरणाशी सगळ्यात जवळचं: लॅटिनमध्ये 'वेर्सुस' या नामाचा एक अर्थ चक्क तास असा आहे. नांगर टोकाला जाऊन वळतो आणि नवी ओळ सुरू होते, म्हणून तास म्हणजे वळण. त्यावरून ओळ, आणि त्यावरून कवितेची ओळ.

मी हे सांगत होतो तेव्हा काका बाजूला बसून ऐकत होते. त्यांचं गणित सातवीपर्यंतचं. ते म्हणाले, "म्हंजे फिरवनारा वायला (वेगळा) अन् फिरणं वायलं. दोन माणसं मिळून येकच काम करू शकते." मला जे समजावून द्यायला फळा लागला असता ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

फिरवणारे दोन, फिरणं एक

व्हर्सर आणि त्याचा उणे व्हर्सर, म्हणजे चारही आकड्यांची चिन्हं उलटी केलेला, हे दोन वेगळे फिरवणारे आहेत. पण वस्तूवर दोघांचा परिणाम हुबेहूब एकच होतो. अर्ध्या कोनाचं रहस्यही इथेच आहे, आणि ते आरशांनी दाखवता येतं.

जमिनीवर दोन रेघा आखा आणि त्या रेघांवर दोन आरसे उभे आहेत असं धरा. एखाद्या वस्तूचं पहिल्या आरशात प्रतिबिंब घ्या, आणि त्या प्रतिबिंबाचं दुसऱ्या आरशात. दोनदा उलटं झाल्याने डावं-उजवं पुन्हा जागेवर येतं, आणि निव्वळ फिरणं शिल्लक राहतं. किती फिरणं? दोन आरशांमध्ये जितका कोन असेल त्याच्या दुप्पट. म्हणजे वस्तूला 90 अंश फिरवायचं असेल तर आरशांमधला कोन 45 हवा. व्हर्सर हा या दोन आरशांमधल्या नात्याचा हिशेब ठेवतो, म्हणून त्याच्या पोटात अर्धा कोन असतो. ओलिंद रॉद्रिग या फ्रेंच गणितज्ञाने हे अर्ध्या कोनाचं सूत्र 1840 मध्ये, हॅमिल्टनच्या तीन वर्षं आधी, प्रसिद्ध केलं होतं. त्याला श्रेय कमी मिळालं याची मला खंत वाटते.

आता दुसरा आरसा त्याच्या रेघेवर 180 अंश फिरवा. रेघ तीच, आरसा तोच उभा आहे, दोन्ही अंगांनी चकचकीत धरला तर प्रतिबिंबात काडीचाही फरक पडणार नाही. पण आरशाची 'पुढची बाजू' म्हणून जिच्यावर खूण केली होती ती आता मागे गेली. हिशेबातला अर्धा कोन 180 ने वाढला, आणि कोसाइन-साइन दोन्हींची चिन्हं उलटली. फिरवणारा बदलला, फिरणं तेच राहिलं. वस्तू 360 अंश फिरून जागेवर आली की तिचा व्हर्सर उणे होतो, आणि 720 अंशांनी तो मूळ आकड्यांवर येतो.

हे कळल्यावर मुलाने स्वतःच चूक पकडली. सरासरी फिरण्याची घ्यायची होती, आणि तो फिरवणाऱ्यांची घेत होता. 170 आणि 190 हे शेजारी कोन आहेत हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. त्यांचे जवळचे व्हर्सरही शेजारी आहेत: 0.087, 0.996 आणि उणे 0.087, 0.996. यंत्रणेने दुसऱ्याच्या जागी त्याचा जोडीदार पाठवला होता, कारण तिला कोसाइन धन हवा होता. यंत्रणेने नियम मोडला नव्हता. दोघांपैकी कोण आलाय ते ओळखायचं काम वापरणाऱ्याचं.

दुरुस्ती

दुरुस्ती प्रोग्रॅममध्ये दोन ओळींची निघाली. नवी नोंद आली की मागच्या नोंदीशी तिचा गुणाकार करायचा: पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा, असे चारही, आणि बेरीज घ्यायची. बेरीज ऋण आली तर नव्या नोंदीची चारही चिन्हं उलटायची, मग सरासरीत घ्यायची. वरच्याच आकड्यांवर हे लावून पाहा. 0.087 आणि 0.996; समोर 0.087 आणि उणे 0.996. बेरीज जवळपास उणे 0.98. ऋण, म्हणून उलटवा: उणे 0.087 आणि 0.996. आता सरासरी शून्य आणि 0.996, लांबी 1 केली की शून्य आणि 1. बरोबर दक्षिण.

जुन्या नोंदी मुलाने जपून ठेवल्या होत्या. त्याच फाइलवर नवा प्रोग्रॅम चालवला आणि परतीची सगळी तासं स्क्रीनवर सरळ झाली. ट्रॅक्टर पुन्हा वावरात न्यावाच लागला नाही.

सरळ झाल्यावर खऱ्या चुका दिसायला लागल्या, ज्यासाठी हा खटाटोप होता. ड्रायव्हर बी नीट पडतंय का हे पाहायला मागे वळायचा, आणि वळला की स्टिअरिंग किंचित उजवीकडे ओढलं जायचं. दर काही अंतरावर दोन-तीन अंशांची झुकणी उमटलेली होती, जातीच्या तासातही आणि येतीच्या तासातही. काकांनी बियाच्या पेटीकडे पाहायला मागे एक माणूस बसवला आणि ड्रायव्हरला फक्त पुढे पाहायला सांगितलं. विजेच्या खांबाजवळच्या तासांत दिशा खरोखरच थोडी ओढली जाते. तेवढ्यापुरता काकांचा संशयही खरा निघाला. ती ओढ दोन्ही बाजूंनी जाताना त्याच जागी येते, म्हणून ती ओळखून वजा करता येते.

दुरुस्त केलेल्या नोंदींत एक गोष्ट अशी दिसली की जिची कोणी अपेक्षा केली नव्हती, आणि या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला भाग तोच आहे. काकांच्या वावरात ट्रॅक्टर येरझारीने चालतो: उत्तरेच्या धुऱ्यावर उजवीकडे वळायचं, दक्षिणेच्या धुऱ्यावर डावीकडे. एक वळण दुसऱ्याला फेडतं, म्हणून उत्तरेकडे जाणाऱ्या प्रत्येक तासात व्हर्सरचं चिन्ह तेच येतं. दुसऱ्या एका लांबरुंद वावरात ड्रायव्हर फेऱ्याने चालला होता, म्हणजे मधली तासं सोडून दोन्ही टोकांना उजवीकडेच वळत होता. तिथे एक फेरा पुरा झाला की 360 अंश पुरे होतात. उत्तरेकडे जाणाऱ्या तासांतलं चिन्ह एकाआड एक उलटं येत होतं: अधिक, उणे, अधिक, उणे. ट्रॅक्टरचं तोंड दर वेळी तिकडेच होतं, पण तिथवर तो कसा वळत आला याची खूण फिरवणाऱ्यापाशी राहिली होती. 360 अंशांची बाब कागदावर शिकवताना पोरं मान डोलावतात आणि विसरतात. इथे ती धुळीच्या बुटांनी वावर तुडवलेल्या पोराने स्वतःच्या फाइलमध्ये पाहिली.

अजून कुठे जपावं लागतं

धुऱ्यावरचं वळण ही अजूनही नाजूक जागा आहे. ट्रॅक्टर 180 अंश वळतो, म्हणजे वळणाआधीच्या आणि वळणानंतरच्या व्हर्सरमध्ये अर्ध्या कोनाने 90 अंशांचं अंतर पडतं, आणि त्यांच्या गुणाकाराची बेरीज शून्याच्या आसपास येते. शून्यावरून चिन्ह ठरत नाही. वळण उजवीकडून झालं की डावीकडून, हे फक्त दोन टोकांच्या नोंदींवरून कळणं शक्यच नाही. मधल्या नोंदी हव्यातच. मोबाइल बॅटरी वाचवण्यासाठी नोंदी विरळ करायला लागला, किंवा वळताना स्क्रीन बंद पडून नोंदी तुटल्या, तर पुढच्या सगळ्या तासांचं चिन्ह अंदाजाने धरावं लागतं. दिशा बरोबरच येईल, कारण दोन्ही जोडीदार एकच फिरणं देतात. फेरा की येरझार, ही माहिती मात्र त्या फाइलपुरती जाते.

म्हणून मुलाने आता सरासरी धुऱ्यापाशी तोडली आहे. दिशा झपाट्याने बदलू लागली की जुनी सरासरी बंद करायची, वळणातल्या नोंदी एकेक करून चिन्ह जुळवत पुढे न्यायच्या, आणि तास सरळ लागलं की नवी सरासरी सुरू करायची. मोबाइलला ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून चार्जिंगची वायर दिली आहे, म्हणजे नोंदी विरळ होणार नाहीत. वायर चौकटीपासून लांब, फळीच्या दुसऱ्या अंगाने नेली आहे. मोबाइलजवळून नेली तर चार्जिंग चालू असताना उत्तर दिशाच थोडी सरकते, हे त्याने पाटावर ठेवून आधीच तपासलं होतं.